सर्किटवर जाणारी घरची गाडी : ब्रेक पॅडची निवड

१. प्रस्तावना

दिल्ली विद्यापीठाच्या उत्तर परिसराजवळ, रिज नावाच्या टेकडीवर हिंदूराव हा भाग आहे. बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांचा वाडा येथे होता. त्यांचे नाव पुढे येथील रुग्णालयाला आणि परिसराला राहिले. टेकडी उतरून थोडे पुढे गेले की काश्मिरी गेटचा मोटारींच्या सुट्या भागांचा मोठा बाजार लागतो. यमुना ओलांडून साधारण पन्नास-साठ किलोमीटर गेले की ग्रेटर नोएडातील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किट येते. २०११ ते २०१३ या तीन वर्षांत येथे फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या आणि २०२३ मध्ये मोटोजीपी झाली. हौशी चालकांना स्वतःची गाडी सर्किटवर चालवता यावी म्हणून 'ट्रॅक डे' भरवले जातात, त्यांसाठीही हे सर्किट वापरले जाते.

समजा, तुम्ही हिंदूराव भागात राहता. रोज कॉलेजला नेता ती हॅचबॅक गाडी तुम्ही एका रविवारी सर्किटवर नेणार आहात. पॅड घ्यायला बाजारात गेलात, तर दुकानदार चार पाकिटे पुढे ठेवेल. साधे कोणते, महाग कोणते आणि 'रेसिंग' कोणते, हे तो सांगेल. यांतले कोणते घ्यावे, हा या घटकाचा प्रश्न आहे.

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

- ब्रेक लावल्यावर डिस्कचे तापमान किती वाढेल, याचा अंदाज काढणे.
- पॅड निकामी होणे आणि ब्रेक ऑइल उकळणे यांतला फरक पेडलवरून ओळखणे.
- सर्किटवर आणि परतीच्या रस्त्यावर दोन्हीकडे चालेल असा पॅड निवडणे.

२. ब्रेक किती उष्णता निर्माण करतो?

ब्रेक गाडीची गतिज ऊर्जा नाहीशी करत नाही, तिचे उष्णतेत रूपांतर करतो. ही उष्णता प्रथम डिस्कमध्ये साठते आणि मग हळूहळू हवेत जाते. म्हणून पॅडच्या निवडीची सुरुवात दुकानात करू नका, वहीत करा.

बुद्ध सर्किटची एक फेरी ५.१२५ किलोमीटरची आहे. तिसऱ्या वळणानंतर एक किलोमीटरपेक्षा लांब सरळ रस्ता आहे आणि त्याच्या शेवटी चौथे वळण आहे. चालकासह गाडीचे वस्तुमान १,१०० किलोग्रॅम धरू. या सरळ रस्त्याच्या शेवटी वेग ताशी १६० किलोमीटर आहे आणि वळणासाठी तो ७० वर आणायचा आहे, असे समजू.

ताशी १६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ४४.४ मीटर आणि ताशी ७० म्हणजे सेकंदाला १९.४ मीटर. गतिज ऊर्जा = ½ × वस्तुमान × वेग². दोन्ही वेगांची ऊर्जा काढून वजाबाकी केली की सुमारे ८.८ लाख जूल येतात.

ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे बहुतेक काम पुढची चाके करतात. हा वाटा ७० टक्के धरला, तर पुढच्या प्रत्येक डिस्कला सुमारे ३.१ लाख जूल मिळतात. डिस्क बिडाची असते. तिचे वस्तुमान ५ किलोग्रॅम आणि विशिष्ट उष्णता ४६० जूल प्रति किलोग्रॅम अंश धरू. मग

तापमानवाढ = ३,०७,५०० ÷ (५ × ४६०) = सुमारे १३४ अंश सेल्सिअस.

आता हेच गणित शहरासाठी करा. ताशी ५० किलोमीटरवरून गाडी पूर्ण थांबवली, तर एकूण ऊर्जा सुमारे १.०६ लाख जूल येते आणि डिस्क केवळ १६ अंशांनी तापते. पुढच्या सिग्नलपर्यंत ती बरीचशी निवतेही. सर्किटवर मात्र १३४ अंशांची वाढ एका वळणाची आहे. तिच्यातली उष्णता निघून जाण्याआधी पुढचे वळण येते. पाच-सहा फेऱ्यांत डिस्क ४०० ते ६०० अंशांपर्यंत जाऊ शकते.

हवेचा रोध आणि इंजिन यांनीही थोडी ऊर्जा खर्च होते. ती आपण सोडून दिली आहे, म्हणून आपला आकडा वरच्या बाजूचा आहे. तरी प्रमाण लक्षात येते. हीच ऊर्जा सव्वातीन सेकंदांत काढायची असेल, तर ब्रेकची सरासरी शक्ती सुमारे २७० किलोवॉट होते. साध्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची शक्ती साधारण ६० ते ६५ किलोवॉट असते. म्हणजे गाडीतले सर्वांत ताकदवान यंत्र इंजिन नसून ब्रेक आहे.

घाट उतरताना ब्रेक तापतात, हे तुम्हाला माहीत असेल. तिथे खालचा गिअर टाकून इंजिनाकडून वेग आवरता येतो. सर्किटवर तीन सेकंदांत नव्वदचा वेग उतरवायचा असतो, तिथे इंजिनाची मदत किरकोळ ठरते.

३. पॅड कशाचा बनतो आणि तो का दगा देतो?

पॅड हा एकजिनसी पदार्थ नाही. त्यात पोलाद, अॅरामिड किंवा सिरॅमिक यांचे तंतू असतात, थोडी अपघर्षक पूड असते, ग्रॅफाइटसारखे वंगण असते आणि भरणा असतो. हे सगळे बहुधा फिनॉलिक रेझिनने बांधलेले असते.

कळीची गोष्ट हे रेझिनच आहे. साध्या पॅडचे तापमान ३०० ते ३५० अंशांच्या पुढे गेले की रेझिनचे विघटन सुरू होते. त्यातून निघालेला वायू पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये येतो, पृष्ठभागाची रचनाही बदलते आणि घर्षण गुणांक खाली येतो. यालाच 'फेड' म्हणतात.

फेडचा परिणाम अंतरात मोजू. थंड असताना पॅडचा घर्षण गुणांक ०.४० आहे आणि एका ठरावीक दाबाने गाडीला ०.८ जी इतके मंदन मिळते, असे धरा. ताशी १६० वरून ७० वर यायला तिला सुमारे १०२ मीटर लागतील. सर्व चाकांवर गुणांक ०.२५ झाला आणि पाय तेवढ्याच जोराने दाबला, तर मंदन ०.५ जी होईल आणि अंतर १६३ मीटर लागेल. म्हणजे साठ मीटर जास्त, आणि वळण तर जागचे हललेले नाही. पहिल्या फेरीत जिथे ब्रेक लावला तिथेच पाचव्या फेरीत लावणारा चालक वळण ओलांडून मातीत जातो, तो या साठ मीटरांमुळे. पाय १.६ पट जोराने दाबला तर अंतर भरून निघेल, पण घाबरलेल्या माणसाला हे प्रमाण त्या क्षणी सुचत नाही.

४. दोन बिघाड, दोन पेडल

सर्किटवर ब्रेक कमी पडला की नवशिके चालक 'पॅड खराब आहेत' असे म्हणतात. बिघाड दोन असतात आणि पायाला ते वेगवेगळे जाणवतात.

*पेडल कडक आहे, पण गाडी थांबत नाही* : हा पॅडचा फेड. ऑइलचा दाब पोहोचतो आहे, घर्षण कमी पडते आहे.

*पेडल मऊ होऊन खाली जाते* : हे ब्रेक ऑइल उकळल्याचे लक्षण. द्रव दाबला जात नाही, म्हणूनच तो पायाचा जोर चाकापर्यंत नेतो. उकळल्यावर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, आणि तुमचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यात जातो. पेडल दोन-तीनदा झटपट मारले तर थोडा दाब परत मिळू शकतो. मिळाला तरी तेथेच वेग कमी करून पिटमध्ये परत यायचे.

नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. मानकांनुसार किमान उत्कलनबिंदू असे आहेत :

- डॉट ३ : नवे २०५ अंश, पाणी शोषलेले १४० अंश
- डॉट ४ : नवे २३० अंश, पाणी शोषलेले १५५ अंश
- डॉट ५.१ : नवे २६० अंश, पाणी शोषलेले १८० अंश

'पाणी शोषलेले' म्हणजे सुमारे ३.७ टक्के पाणी असलेले. दोन-तीन पावसाळे काढलेल्या जुन्या डॉट ४ ऑइलपेक्षा नवे डॉट ३ अधिक तापमान सोसू शकते, हे या यादीवरून दिसते. म्हणून पहिला नियम असा : पॅडवर पैसे घालण्याआधी ब्रेक ऑइल बदला आणि नळ्यांतली हवा काढून घ्या. सिलिकॉनचे डॉट ५ हे वेगळे रसायन आहे, ते वरच्या कोणत्याही ऑइलमध्ये मिसळू नये.

येथे एक सूक्ष्म मुद्दा आहे. उष्णता डिस्ककडून पॅडमधून पिस्टनकडे आणि तिथून ऑइलकडे जाते. पॅड जितका जाड, तितकी ही वाट लांब. झिजलेला पॅड ऑइलला लवकर उकळवतो. म्हणून निम्म्याहून अधिक झिजलेले पॅड घेऊन सर्किटवर जाऊ नये.

५. पॅडचे तापमानक्षेत्र

प्रत्येक पॅडचा घर्षण-तापमान आलेख असतो. आडव्या अक्षावर तापमान आणि उभ्या अक्षावर घर्षण गुणांक घेतला, तर ढोबळमानाने तीन गट दिसतात.

*रस्त्याचे पॅड* (सेंद्रिय आणि साधे सिरॅमिक) : थंड असतानाही लगेच पकडतात, आवाज कमी करतात, डिस्क कमी झिजवतात. साधारण ३०० ते ३५० अंशांनंतर आलेख खाली वळतो.

*मधल्या गटाचे पॅड* (बहुधा धातूचे प्रमाण जास्त असलेले) : थंड असताना पुरेसे पकडतात आणि साधारण ५०० अंशांपर्यंत टिकतात. धूळ जास्त, थोडा आवाज, डिस्कची झीज अधिक.

*निव्वळ शर्यतीचे पॅड* : यांचे काम अनेकदा १५० ते २०० अंशांच्या पुढे नीट सुरू होते आणि ७०० अंशांपर्यंत किंवा त्याहून पुढे चालते. थंड असताना काही पॅडची पकड बरीच कमी असते, आवाज कर्कश येतो आणि डिस्क भराभर झिजते.

या तिसऱ्या गटात एक सापळा आहे. शर्यतीचा पॅड 'अधिक चांगला' असतो, असा समज आहे. तो अधिक उष्ण जागेसाठी बनवलेला असतो, एवढेच खरे आहे. सर्वोच्च गुणांक किती, हे विचारू नका. तुमचा ब्रेक ज्या तापमानात राहतो, त्या सगळ्या पट्ट्यात गुणांक किती स्थिर राहतो, हे विचारा.

६. पाकिटावरची अक्षरे

काही पॅडच्या कडेला इंग्रजी दोन अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर सामान्य तापमानाच्या घर्षणाचे आणि दुसरे तापलेल्या अवस्थेतल्या घर्षणाचे. 'ई' म्हणजे गुणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. 'एफ-ई' लिहिलेला पॅड तापल्यावर खाली येतो, 'एफ-एफ' त्याच पट्ट्यात राहतो.

मात्र ही चाचणी पॅडच्या लहान तुकड्यावर होते आणि ती सुमारे ३४५ अंशांपर्यंतच जाते. ५०० अंशांवर काय होईल, हे ही अक्षरे सांगत नाहीत. त्यासाठी निर्मात्याचा आलेख मागा. आलेख नसेल आणि पाकिटावर फक्त 'रेसिंग' लिहिलेले असेल, तर तो शब्द रंगाइतकाच उपयोगाचा. बाजार कोणताही असो, पाकिटावरचा क्रमांक निर्मात्याच्या यादीशी पडताळा आणि पक्के बिल घ्या. नकली पॅड दिसायला अस्सलच असतो. त्याचा फरक चौथ्या वळणावर कळतो.

७. निवडीची पद्धत

आता आपल्या उदाहरणाकडे येऊ : १,१०० किलोग्रॅमची हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम, साधे टायर, पंधरा-वीस मिनिटांची सत्रे, आणि संध्याकाळी घरी परत. पुढील प्रश्न क्रमाने विचारा.

१. *टायर किती पकडतात?* गाडी थांबवण्याची अंतिम मर्यादा टायरची असते. साधा टायर घसरू लागला की एबीएस दाब कमी करते. त्यामुळे साध्या टायरवर फार जास्त गुणांकाच्या पॅडचा लाभ होत नाही. आपल्याला जास्त पकड नको, टिकणारी पकड हवी आहे.

२. *तापमान किती होईल?* वरच्या गणितावरून हलक्या गाडीला आणि नवशिक्या चालकाला साधारण ५०० अंशांपर्यंत टिकणारा पॅड पुरेसा ठरेल. गाडी जड असेल किंवा इंजिन ताकदवान असेल, तर गणित पुन्हा करा. वेगाचा वर्ग होतो, हे विसरू नका.

३. *पुढे-मागे तोल राहील का?* फक्त पुढचे पॅड बदलले, तर पुढच्या चाकांचा वाटा वाढतो आणि मागच्या ब्रेकची क्षमता थोडी वाया जाते. हे सोसण्यासारखे आहे. उलट मागे जास्त गुणांकाचे पॅड टाकले, तर मागची चाके आधी घसरू शकतात आणि गाडी गिरकी घेते. पुढे साधे आणि मागे तीव्र, अशी जोडी कधीही करू नये.

४. *पॅड बदलायला वेळ आणि साधने आहेत का?* असतील, तर रस्त्याच्या पॅडवर सर्किटला जाऊन तिथे ट्रॅकचे पॅड बसवणे आणि परतताना पुन्हा बदलणे हा उत्तम मार्ग. नसतील, तर एकच पॅड दोन्हीकडे वापरावा लागेल, आणि मग थंड अवस्थेतली पकड ही पहिली अट ठरते.

आपल्या गाडीचे उत्तर : नवे डॉट ४ किंवा डॉट ५.१ ऑइल (गाडीच्या पुस्तिकेत चालते असे लिहिलेले असेल ते), पुढे मधल्या गटाचे नवे पॅड, मागचे लायनर तपासलेले. शर्यतीचे पॅड नकोत.

८. पॅड तयार करणे

नव्या बिडाच्या तव्यावर पहिल्याच दिवशी घावन घातले तर ते चिकटते. तेलावर तापवून तवा तयार करावा लागतो. डिस्कही बिडाचीच आहे आणि तिलाही असाच थर लागतो. पॅडच्या द्रव्याचा एक पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसला की पकड स्थिर होते. नव्या पॅडमधले उरलेले वायूही याच वेळी निघून जातात. ते निघाले नसतील, तर चांगला पॅडसुद्धा पहिल्याच जोरदार वापरात फेड होतो.

यासाठी मध्यम जोराचे आठ-दहा ब्रेक लावा. प्रत्येक वेळी वेग बराच कमी करा, पण गाडी पूर्ण थांबवू नका. नंतर ब्रेकला हात न लावता काही किलोमीटर चालवून डिस्क थंड होऊ द्या. निर्मात्याने वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळा. हे काम सर्किटच्या पहिल्या सत्रात करावे. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चाचणी घेणे हा मोटार वाहन कायद्यानुसार गुन्हा आहे.

तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरला, तर एकाच जागी जाड थर चिकटतो आणि नंतर पेडल थरथरते. गॅरेजमध्ये याला 'डिस्क वाकली' म्हणतात. पुष्कळदा डिस्क सरळच असते, थर असमान असतो.

९. सत्र आणि परतीचा प्रवास

प्रत्येक सत्राची शेवटची फेरी हळू चालवा, म्हणजे वाहती हवा डिस्क थंड करेल. पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना अडण लावा. पॅडची जाडी पाहा. ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेच्या झोताने उडवू नका, ती श्वासात जाते. सर्किटवरील अपघाताला साध्या मोटार विम्याचे संरक्षण बहुधा नसते. आपली पॉलिसी आधी वाचा.

संध्याकाळी परत निघण्याआधी पुन्हा पेडल तपासा. ते सकाळपेक्षा मऊ असेल, तर ऑइल एकदा उकळून गेले आहे. हवा काढल्याशिवाय रस्त्यावर येऊ नका.

आता शेवटचे गणित. दिल्लीच्या हिवाळ्यातली रात्र आहे, डिस्क पूर्ण थंड आहे आणि तुम्ही ताशी ५० च्या वेगाने जात आहात. ०.८ जी मंदनाने गाडी सुमारे १२ मीटरांत थांबते. पॅड शर्यतीचा असेल आणि थंड असताना त्याची पकड निम्मी आहे असे समजा, तर तिला जवळजवळ २५ मीटर लागतील. सर्किटवर चुकले तर वळणाबाहेर मोकळी जागा असते. हिंदूराव रुग्णालयासमोर रिक्षा असते, डबा घेऊन रस्ता ओलांडणारा रुग्णाचा नातेवाईक असतो. त्याच्यासाठी पॅड तापवायला तुम्हाला एक फेरी मिळणार नाही. पहिल्याच दाबाला गाडी थांबली पाहिजे.

सारांश

- ब्रेक ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो, आणि वेग वाढला की उष्णता वर्गाने वाढते.
- कडक पेडल आणि न थांबणारी गाडी म्हणजे पॅडचा फेड. मऊ पेडल म्हणजे उकळलेले ऑइल.
- आधी ऑइल, मग पॅड.
- सर्वोच्च गुणांकापेक्षा आपल्या तापमानाच्या पट्ट्यातला स्थिर गुणांक महत्त्वाचा.
- घरची गाडी घरी परत यायची आहे. म्हणून थंड अवस्थेतली पकड ही तडजोड न करण्याची अट.

स्वाध्याय

१. गाडीचे वस्तुमान १,६०० किलोग्रॅम आणि प्रत्येक पुढच्या डिस्कचे ८ किलोग्रॅम असेल, तर ताशी १६० वरून ७० वर येताना डिस्कची तापमानवाढ काढा. आपल्या हॅचबॅकच्या वाढीशी तुलना करून निष्कर्ष लिहा.

२. मागच्या चाकांना जास्त गुणांकाचे पॅड का लावू नयेत, हे ब्रेक लावतानाच्या भाराच्या स्थलांतरावरून स्पष्ट करा.

३. तुमच्या घरच्या गाडीतले ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, हे शोधा. ते कोणत्या प्रतीचे आहे आणि आज त्याचा उत्कलनबिंदू कोणत्या दोन आकड्यांच्या दरम्यान असेल, ते लिहा.